पायथनमध्ये पहिलं डेस्कटॉप अ‍ॅप कसं बनवायचं? विंडो, बटण आणि त्यामागे चालणारं काम

पायथन शिकायला सुरुवात केली की पहिले काही आठवडे सगळा कारभार काळ्या स्क्रीनवर चालतो. प्रोग्रॅम प्रश्न विचारतो, तुम्ही उत्तर टाइप करून एंटर दाबता, खाली आकडा येतो. शिकणाऱ्याला एवढं पुरतं. पण हाच प्रोग्रॅम आईला, दुकानदार काकांना किंवा बचत गटाच्या सचिव ताईंना वापरायला दिला, की पहिला प्रश्न येतो, ‘यात दाबायचं कुठे?’

दाबायची ती जागा म्हणजे जीयूआय, अर्थात ग्राफिकल यूजर इंटरफेस. विंडो, बटण, लिहायचा रकाना, मेनू हे सगळं त्यात आलं. असं अ‍ॅप बनवायला मोठी कंपनी किंवा महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पायथन इन्स्टॉल केलं असेल, तर बहुतेक वेळा लागणारं सामान आधीच तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असतं.

ते वापरायचं कसं, आणि नवशिके नेमके कुठे अडकतात, हे समजून घेऊया.

जीयूआय आलं कुठून?

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी माउसचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ‘आल्टो’ हा कॉम्प्युटर तयार झाला. त्याच्या पडद्यावर विंडो होत्या आणि हाताशी माउस होता. १९८४ मध्ये अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आला, १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली आणि ही पद्धत सामान्य लोकांपर्यंत पोहोचली.

तोवर विंडो वापरणं सोपं झालं होतं, बनवणं मात्र अवघड होतं. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक आणलं. त्यात बटण माउसने ओढून विंडोवर ठेवता यायचं. आपल्याकडच्या अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये एका पिढीने आपलं पहिलं बटण यातच बनवलं.

साधारण त्याच काळात अमेरिकेत बर्कली विद्यापीठातले जॉन ऑस्टरहाउट यांनी टीसीएल ही छोटी भाषा आणि तिच्यासाठी ‘टीके’ हा विंडो-बटणांचा संच बनवला. पायथनमधून तो संच वापरता यावा म्हणून जो दुवा तयार झाला, त्याचं नाव टीकिंटर. टीके आणि इंटरफेस हे दोन शब्द जोडून ते बनलं आहे.

सुरुवात टीकिंटरपासूनच का?

तीन कारणं आहेत. ते पायथनसोबतच येतं, त्यामुळे वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. ते मोफत आहे. आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पायथनसोबत मिळणारा आयडल हा कोड लिहायचा एडिटरसुद्धा टीकिंटरमध्येच बनवलेला आहे.

तुमच्याकडे ते आहे का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. कमांड प्रॉम्प्टवर पायथन, मग वजा चिन्ह आणि त्याला लागून एम, मग टीकिंटर असं रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. एक छोटी चाचणीची विंडो उघडली, तर सगळं जागेवर आहे. उबुंटूसारख्या लिनक्सवर मात्र टीकिंटरचं पॅकेज बऱ्याचदा वेगळं टाकावं लागतं.

एक सावधगिरी. तुमच्या स्वतःच्या फाइलला ‘टीकिंटर’ हे नाव देऊ नका. तसं केलं तर पायथन खऱ्या टीकिंटरऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि भलतीच एरर दाखवतो.

आपलं उदाहरण: बचत गटाचं व्याज

समजा, गटात अंतर्गत कर्जावर दरमहा शेकडा २ रुपये व्याज आहे. एका सदस्याने १२,५०० रुपये घेतले आणि ३ महिने झाले. व्याज काढायचं सूत्र शाळेतलंच आहे: मुद्दल गुणिले दर गुणिले महिने, भागिले १००. उत्तर ७५० रुपये. एकूण परत करायचे १३,२५० रुपये.

काळ्या स्क्रीनवर हे चार-पाच ओळींचं काम आहे. विंडोमध्ये आणायचं तर आधी तिचे भाग ओळखायला हवेत. टीकिंटरमध्ये या भागांना विजेट म्हणतात.

- मुख्य विंडो: बाकी सगळं हिच्या आत बसतं. ती एकदाच तयार करायची.
- लेबल: नुसता वाचायचा मजकूर. उदाहरणार्थ, ‘मुद्दल रुपयांत’.
- एंट्री: एका ओळीचा लिहायचा रकाना. आपल्याला असे तीन लागतील: मुद्दल, दर, महिने.
- बटण: ‘व्याज काढा’.
- उत्तराचं लेबल: सुरुवातीला रिकामं. हिशोब झाला की आपण त्यातला मजकूर बदलतो.

यांतल्या काही विजेटचं जरा नीटनेटकं रूप टीटीके नावाच्या उपसंचात मिळतं. त्यातली बटणं त्या त्या सिस्टीमला शोभतील अशी दिसतात. जुनाट दिसणं ही टीकिंटरबद्दलची नेहमीची तक्रार टीटीकेमुळे बरीच कमी होते.

विजेट बनवलं, पण दिसत का नाही?

कारण ते कुठे ठेवायचं हे अजून सांगितलेलं नाही. विजेट तयार करणं आणि विंडोत मांडणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मांडणीसाठी तीन पद्धती आहेत.

पॅक म्हणजे एकाखाली एक किंवा एकाशेजारी एक रचणं. ग्रिड म्हणजे ओळी आणि स्तंभ पाडून त्यांत बसवणं. प्लेस म्हणजे नेमकं अंतर मोजून ठेवणं.

फॉर्मसारख्या विंडोसाठी ग्रिड सगळ्यात सोयीचं. वहीत जसा डावीकडे मथळा आणि उजवीकडे आकडा, तसं पहिल्या स्तंभात लेबल आणि दुसऱ्यात रकाना. ओळी आणि स्तंभ शून्यापासून मोजले जातात, एवढं लक्षात ठेवा. प्लेस सुरुवातीला सोपं वाटतं, पण विंडो लहान-मोठी केली किंवा अक्षरांचा आकार बदलला की मांडणी विस्कटते.

एकाच चौकटीत पॅक आणि ग्रिड एकत्र वापरू नका, टीकिंटर सरळ एरर देतं. दोन्ही हवेच असतील तर फ्रेम नावाचं विजेट घेऊन वेगवेगळ्या चौकटी करा.

इथे खरा बदल होतो: आता प्रोग्रॅम वाट बघतो

काळ्या स्क्रीनवरचा प्रोग्रॅम शाळेच्या प्रवेशअर्जासारखा असतो. आधी नाव, मग पत्ता, मग जन्मतारीख. क्रम त्याने ठरवलेला असतो.

विंडोचा प्रोग्रॅम किराणा दुकानासारखा चालतो. दुकानदार गल्ल्यावर बसलेला असतो. गिऱ्हाईक आधी साखर मागेल, मग तूर डाळ मागेल, मध्येच ‘साखर राहू द्या’ म्हणेल. क्रम गिऱ्हाईक ठरवतं. दुकानदाराने प्रत्येक मागणीला काय करायचं एवढंच माहीत ठेवायचं.

टीकिंटरमध्ये गल्ल्यावर बसण्याच्या या कामाला मेनलूप म्हणतात. कोडच्या शेवटी त्याला हाक मारली की प्रोग्रॅम तिथे थांबतो आणि क्लिक, टाइप केलेलं अक्षर, विंडो बंद करणं अशा घटनांकडे लक्ष ठेवतो. मेनलूप लिहायला विसरलात, तर विंडो क्षणभर चमकून जाते किंवा दिसतही नाही.

म्हणजे तुमचं काम बदललं. ‘आधी हे, मग ते’ असं लिहिण्याऐवजी आता ‘हे घडलं तर ते कर’ असं लिहायचं आहे. विजेटांची नावं पाठ करण्यापेक्षा ही सवय लागायला जास्त वेळ लागतो.

बटणाला काम कसं सांगायचं?

बटण बनवताना कमांड नावाच्या जागी फंक्शनचं नाव द्यायचं. बटण दाबलं की टीकिंटर ते फंक्शन चालवतं.

इथे जवळपास प्रत्येक नवशिका एकदा अडकतो. फंक्शनच्या नावापुढे कंस टाकले, तर ते फंक्शन बटण तयार होतानाच चालून जातं. नंतर बटण कितीही दाबा, काही होत नाही. नाव देणं म्हणजे दुकानदाराला फोन नंबर लिहून देणं. कंस टाकणं म्हणजे आत्ताच फोन लावणं. आपल्याला नंबर द्यायचा आहे.

दुसरी अडचण आकड्यांची. रकान्यात लिहिलेलं काहीही पायथनला मजकूर म्हणूनच मिळतं. मागची बाकी ५००० आणि नवं कर्ज ३००० अशा दोन रकान्यांची तशीच बेरीज केली, तर ८००० येत नाहीत. दोन्ही मजकूर एकमेकांना चिकटून ५०००३००० येतं. म्हणून हिशोबाआधी मजकुराचं आकड्यात रूपांतर करायला हवं.

सगळ्यात महाग चूक: पडद्यावर राहिलेलं जुनं उत्तर

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. गटाची मासिक बैठक सुरू आहे. पहिल्या सदस्याचे १२,५०० रुपये, कॉमा न देता भरले. बटण दाबलं, ७५० आलं, वहीत नोंद झाली. दुसऱ्या सदस्याचे ८,००० रुपये आहेत. या वेळी सचिव ताईंनी सवयीने कॉमा टाकला. किंवा आपण पावतीवर लिहितो तसं आकड्यापुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ दिली.

पायथनला कॉमा असलेला मजकूर आकडा म्हणून चालत नाही. रूपांतर करताना एरर येते. काळ्या स्क्रीनवर अशा वेळी प्रोग्रॅम बंद पडतो आणि काहीतरी बिघडलं हे कळतं. टीकिंटरमध्ये तसं होत नाही. एरर मागच्या काळ्या स्क्रीनवर छापली जाते आणि विंडो तशीच उघडी राहते. काळी स्क्रीन लपवलेली असेल, तर कुणाला काहीच दिसत नाही.

आणि उत्तराच्या जागी अजून ७५० आहे. पहिल्या सदस्याचं. खरं उत्तर ४८० आहे, पण वहीत ७५० जातं. दुसऱ्या सदस्याकडून २७० रुपये जास्त घेतले जातात आणि ‘कॉम्प्युटरनेच सांगितलं’ म्हणून कुणी शंकाही घेत नाही.

ही चूक टाळायला चार गोष्टी करा.

१. बटणाचं फंक्शन सुरू होताच सगळ्यात आधी उत्तराचं लेबल रिकामं करा. मग हिशोब करा.

२. रूपांतर करण्याआधी कॉमा काढून टाका. लोक कॉमा टाकणारच, ती त्यांची चूक नाही.

३. पायथनच्या ट्राय आणि एक्सेप्ट या सोयीने एरर पकडा आणि साध्या मराठीत सांगा. ‘चुकीचं इनपुट’ असं लिहिण्यापेक्षा ‘मुद्दलाच्या रकान्यात फक्त आकडा लिहा’ हे जास्त कामाचं. रिकामा रकाना, शून्य महिने, उणे आकडा यांचीही तपासणी इथेच करा.

४. उत्तर आल्यावर कुणी रकान्यातला आकडा बदलला, तर त्याच क्षणी उत्तर पुसा. नाहीतर वर नवं मुद्दल आणि खाली जुनं व्याज अशी जोडी दिसत राहते. रकान्यात कळ दाबल्याची घटना पकडून हे करता येतं.

पडद्यावर या क्षणी जे दिसतंय ते खरं आहे का, हा प्रश्न प्रत्येक बटणाच्या वेळी स्वतःला विचारा. विंडो सुंदर दिसण्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

विंडो ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ का होते?

दुकानदार गोणी आणायला मागच्या गोदामात गेला, की गल्ल्यापाशी गिऱ्हाइकांची रांग लागते. विंडोचंही तसंच. बटणाच्या फंक्शनमध्ये मोठी फाइल वाचणं, इंटरनेटवरून काही आणणं किंवा नुसतं दहा सेकंद थांबणं असं काम टाकलं, तर तेवढा वेळ मेनलूप अडकतो. विंडो हलत नाही, बटणं दबत नाहीत, आणि वापरणारा माणूस अ‍ॅप बंद पडलं समजून ते मारून टाकतो.

नुसतं थांबायचं असेल, उदाहरणार्थ घड्याळ दर सेकंदाला पुढे न्यायचं असेल, तर टीकिंटरची आफ्टर ही सोय वापरा. ‘इतक्या मिलिसेकंदांनी हे फंक्शन चालव’ असं सांगून ती लगेच गल्ल्यावर परतते. एक सेकंद म्हणजे १००० मिलिसेकंद.

काम खरंच मोठं असेल तर थ्रेड लागतो, म्हणजे गोदामात पाठवायला दुकानात एक गडी ठेवणं. नियम एकच: गड्याने गल्ल्याला हात लावायचा नाही. विंडोतला मजकूर बदलायचं काम मुख्य थ्रेडनेच करावं. पहिल्या दोन-तीन अ‍ॅपमध्ये याची गरज बहुधा पडणार नाही.

मराठी अक्षरं आणि मराठी आकडे चालतात का?

बऱ्याच अंशी हो. लेबल आणि बटणांवर देवनागरी मजकूर सरळ देता येतो. विंडोजवर तो नीट दिसतो. टीकेच्या ८.६ आवृत्तीत लिनक्सवर मात्र जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटलेल्या दिसू शकतात. त्यामुळे अ‍ॅप जिथे चालणार, त्याच कॉम्प्युटरवर एकदा बघून घ्या.

एक सुखद गोष्ट अनेकांना माहीत नसते. पायथन ३ ला देवनागरी आकडे कळतात. रकान्यात मराठीत ‘१२५००’ लिहिलं तरी रूपांतर बिनचूक होतं, त्यासाठी वेगळा कोड लागत नाही. इतकंच काय, ‘मुद्दल’ आणि ‘व्याज’ अशी चलांची नावंसुद्धा देवनागरीत ठेवता येतात.

उत्तर छापताना मात्र पायथन इंग्रजी आकडेच वापरतो, ते मराठीत हवे असतील तर बदलून घ्यावे लागतात. तयार कॉमा टाकण्याची सोयही पाश्चात्त्य पद्धतीची आहे. १२,५०,००० ऐवजी ती १,२५०,००० असं लिहिते. लाखांचे हिशोब असतील तर आपल्या पद्धतीने कॉमा टाकणारं छोटं फंक्शन लिहिणं बरं.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कसं द्यायचं?

समोरच्याकडे पायथन नसेल तर पायइन्स्टॉलर हे मोफत साधन कामी येतं. ते तुमचा कोड आणि पायथन एकत्र बांधून डबल-क्लिक करून उघडणारी फाइल तयार करतं. दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. विंडोजसाठीची फाइल विंडोजवरच बनवावी लागते, लिनक्स किंवा मॅकवर बसून ती बनत नाही. आणि सोबत अख्खा पायथन असल्याने छोट्याशा अ‍ॅपची फाइलही बरीच मोठी होते. काही अँटिव्हायरस अशा फाइलवर उगाच संशय घेतात, हेही समोरच्याला सांगून ठेवा.

टीकिंटरशिवाय दुसरं काय आहे?

मोठं, देखणं अ‍ॅप करायचं असेल तर क्यूट हा संच आहे. नॉर्वेत सुरू झालेला हा प्रकल्प १९९५ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आला. पायथनमधून तो पायक्यूट किंवा पायसाइडमार्फत वापरतात. देवनागरी जोडाक्षरं तो तिन्ही सिस्टीमवर व्यवस्थित दाखवतो. फरक परवान्यात आहे. पायक्यूट वापरून बनवलेलं अ‍ॅप कोड न देता विकायचं असेल, तर व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. पायसाइडच्या अटी त्यामानाने सैल आहेत.

डब्ल्यूएक्स-पायथन हा आणखी एक जुना आणि भरवशाचा पर्याय आहे. कमी ओळींत काम होतं म्हणून नवशिक्यांमध्ये पायसिंपलजीयूआय लोकप्रिय झालं होतं. २०२४ मध्ये ते व्यावसायिक परवान्याकडे वळलं आणि त्यावर अवलंबून असलेल्यांना पर्याय शोधावे लागले. म्हणून कुठलाही संच निवडताना त्याचा परवाना आधी वाचा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*हे अ‍ॅप मोबाइलवर चालेल का?*
नाही. टीकिंटर डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठी आहे. पायथनमध्येच मोबाइल अ‍ॅप करायचं असेल तर किवी बघा.

*माहिती साठवता येईल का?*
हो. आधी साध्या सीएसव्ही फाइलपासून सुरुवात करा, ती एक्सेलमध्येही उघडते. पुढे एसक्यूलाइट शिका, ते पायथनसोबतच येतं.

*आधी किती पायथन यायला हवं?*
चल, अट, लूप आणि फंक्शन एवढं पुरे. क्लास नंतर शिकलात तरी चालेल.

देण्याआधी एवढं तपासा

- टॅब दाबल्यावर कर्सर मुद्दल, दर, महिने याच क्रमाने जातो का? विजेट ज्या क्रमाने बनवली, साधारण त्याच क्रमाने तो जातो.
- एंटर दाबल्यावरही हिशोब होतो का?
- रिकामा रकाना, कॉमा, अक्षरं, शून्य, उणे आकडा यांपैकी काहीही दिल्यावर योग्य सूचना येते का?
- चुकीचा आकडा दिल्यावर जुनं उत्तर पुसलं जातं का?
- पाच उदाहरणं हाताने सोडवून ताडून पाहिलीत का?

शेवटी लॅपटॉप अशा माणसासमोर ठेवा, ज्याने कधी कोड पाहिलेला नाही. शेजारी बसा आणि दहा मिनिटं काही सांगू नका. तो जिथे थांबेल किंवा तुमच्याकडे बघेल, तिथलं लेबल बदला. आधी ते दुरुस्त करा, रंग आणि फॉन्ट त्यानंतर.